पाणाड्याचे दुबेळके

दोन फाटे फुटलेली एखाद्या झाडाची ओली फांदी, करंगळीएवढी जाड व सुमारे हातभर लांब, एवढीच या विद्येची सामग्री होय. युरोपात ही फांदी बहुधा हेझल नावाच्या झुडपाची घेत. आपल्याकडील पाणाडे उंबर, जांभूळ, कडुनिंब असे जे झाड हाताशी असेल त्याची घेतात. तळहात आभाळाकडे करून दोन्ही फाटे दोन मुठींत धरावयाचे, कोपरे अंगाशी ठेवावयाची, फाटे बाहेरच्या बाजूस किंचित ताणावयाचे आणि सांधा पुढे करून सावकाश शेतातून चालू लागावयाचे. पाण्यावर पाऊल पडले की फांदीचे टोक असे ओढले जाते की मुठी कितीही आवळल्या तरी ते थांबत नाही, फांदीची साल हातात सोलून निघते, असे ती धरणारे सांगतात. ते खोटे सांगत नाहीत. ही गोष्ट आरंभीच मान्य करून पुढे गेलेले बरे. कारण या विषयावर लिहिणाऱ्या निम्म्या मंडळींनी पाणाड्यास लबाड ठरवून, व उरलेल्या निम्म्यांनी त्यास सिद्धपुरुष ठरवून, आपली सुटका करून घेतली आहे. फांदी फिरते यात संशय नाही. ती कोण फिरवितो, एवढाच प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नापायी गेल्या चार शतकांत माणसे तुरुंगात मेली आहेत, एक तरुण चक्रावर चढविला गेला आहे, आणि अगदी अलीकडे एका शहराच्या रस्त्यांवर सरकारी पहारेकरी हीच फांदी नव्या रूपात घेऊन उभे राहिले आहेत.

भूगर्भातील पाणी शोधण्याचे शास्त्र आपल्या देशात फार जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक संपूर्ण अध्याय त्यास दिला आहे. माणसाच्या अंगात जशा शिरा, तशाच जमिनीत कोठे उंच कोठे खोल पाण्याच्या शिरा असतात, अशी त्याची कल्पना. निर्जल प्रदेशात वेत उगवलेला दिसला तर त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर, दीड पुरुष खोलीवर पाणी लागेल. जांभळीच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेस दोन पुरुषांवर गोड पाणी मिळेल. अशी एकामागून एक लक्षणे तो सांगत जातो. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. खणताना वाटेत कोणत्या रंगाची माती व कसला दगड लागेल, हेही तो सांगावयास विसरत नाही. ही सर्व लक्षणे खरी ठरतील असे कोणी म्हणू नये. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या साऱ्या अध्यायात झाड आहे, वारूळ आहे, माती, दगड व बेडूकही आहे. हातातील फांदी मात्र कोठेच नाही. वराहमिहिराचा पाणाडी डोळ्यांनी पाहतो.

हातातील फांदी दिसू लागते ती जर्मनीच्या खाणींत, आणि तीही पाण्यासाठी नव्हे, धातूंसाठी. गेओर्ग अ‍ॅग्रिकोला हा मूळचा वैद्य. खाणकामगारांच्या गावी वैद्यकी करता करता त्याने त्यांची सारी विद्या आत्मसात केली. त्याचा धातुविद्येवरील लॅटिन ग्रंथ तो वारल्यानंतर १५५६ साली बाझल येथे प्रसिद्ध झाला. त्यातील एका लाकडी ठशाच्या चित्रात डोंगरउतारावर फांद्या धरून हिंडणारे खाणकरी दाखविले आहेत. चांदीसाठी हेझलची, तांब्यासाठी अ‍ॅशची, शिसे व कथील यांसाठी पाइनची फांदी घ्यावी, सोन्यासाठी लोखंडाची अगर पोलादाची सळई धरावी, असे त्या लोकांचे नियम अ‍ॅग्रिकोलाने बारकाईने नमूद केले आहेत. दोन्ही पक्षांची बाजू मांडून झाल्यावर त्याने आपला अभिप्राय दिला, तो असा की, जो खाणकरी भला व गंभीर आहे आणि ज्यास निसर्गाची चिन्हे ओळखता येतात, त्यास असल्या फांदीचा उपयोग नाही. चिन्हे म्हणजे कोणती? उघडे पडलेले दगड, झऱ्याच्या पाण्याची चव, सकाळचे दहिवर कोठे टिकते व कोठे टिकत नाही, झाडांची पाने कोठे निळसर पडतात, ही. हजार वर्षांपूर्वीच्या वराहमिहिराशी याची भेट झाली असती तर दोघांचे चांगले जमले असते!

अ‍ॅग्रिकोलाचा उपदेश कोणी ऐकला नाही. पुढील शतकात फ्रान्समध्ये मार्तीन द बेर्तरो ही विदुषी व तिचा पती बॅरन द बोसोलेय यांनी देशभर हिंडून खाणींचा शोध घेतला. तिला खनिजांचे खरे ज्ञान होते. शातो-तिएरी या गावी १६२९ साली तिने औषधी पाण्याचा झरा शोधून काढला, तेव्हा फांद्या व यंत्रे यांचा मोठा देखावा केला. परंतु फरशीवरून वाहणाऱ्या पाण्याने दगडांवर लोहाचा तांबडा थर बसला होता व तो तिच्या दृष्टीस पडला होता, असे नंतरच्या लेखकांनी दाखविले आहे. डोळ्यांनी जे पाहिले ते फांदीच्या नावावर खपवावे लागावे, हा त्या काळाचा विचित्र न्याय. १६४० साली तिने फ्रान्सच्या खनिजसंपत्तीवरील आपला ग्रंथ प्रधान रिशेल्य यास उद्देशून लिहिला. केलेल्या खर्चाची भरपाई तर मिळाली नाहीच. १६४२ साली पतीस बास्तियच्या व तिला मुलीसह व्हँसेनच्या तुरुंगात टाकण्यात आले, आणि तेथेच त्यांचा अंत झाला. जादूटोण्याचा बोभाटा त्यांच्या मागे होताच. फांदीचा देखावा तिने केला नसता तर तिच्यावर हा प्रसंग आला असता की नाही, कोण सांगणार?

फांदीच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले प्रकरण मात्र पाण्याचे नव्हे, धातूचेही नव्हे; ते खुनाचे आहे. १६९२ च्या ५ जुलैस ल्यों शहरात एक मद्यविक्रेता व त्याची पत्नी यांचे खून झाले. प्रेते तळघरात सापडली, जवळच रक्ताने माखलेला कोयता पडला होता, आणि दुकानातील पैसे नाहीसे झाले होते. अधिकाऱ्यांस काही माग लागेना. तेव्हा कोणीतरी दोफिने प्रांतातील झाक एमार या शेतकऱ्याचे नाव सुचविले. पाणी शोधण्यात त्याचा लौकिक होताच. त्याची फांदी चोर व खुनी यांचाही माग काढते, अशी वदंता होती. त्यास तळघरात नेले. प्रेते पडली होती त्या जागी फांदी फिरली, एमारची नाडी जलद चालू लागली, अंगात ताप भरल्यासारखे झाले. अधिकाऱ्यांनी तो कोयता तशाच दुसऱ्या कोयत्यांबरोबर बागेत पुरून त्याची परीक्षा घेतली. फांदी नेमकी त्याच कोयत्यावर वळली. मग एमार रस्त्यावर आला, आणि ऱ्होन नदीच्या काठाने दक्षिणेस चालू लागला.

एका माळ्याच्या घरात त्याची फांदी एका मेजावर व रिकाम्या बाटलीवर फिरली. माळ्याची मुले प्रथम नाकारीत होती. पुढे त्यांनी कबूल केले की तीन माणसे आत शिरून दारू पिऊन गेली. असा माग काढीत तो बोकेर या गावी पोहोचला. तेथील तुरुंगात कैद्यांची रांग त्याच्यापुढे उभी करण्यात आली. फांदी वळली ती एका कुबड्या तरुणापुढे. त्यास किरकोळ चोरीसाठी नुकतेच पकडून आणले होते. आपण ल्यों पाहिलेही नाही, असे तो म्हणाला. त्यास त्याच वाटेने परत नेताना खानावळवाल्यांनी ओळखले. तेव्हा त्याचा धीर सुटला व त्याने कबुली दिली की, खून दुसऱ्या दोघांनी केला, आपण सोबत होतो. ते दोघे समुद्रमार्गे निसटले, व पुन्हा सापडले नाहीत. कुबड्यास मात्र ३० ऑगस्ट रोजी ल्यों येथे चक्रावर बांधून, हाडे मोडून ठार करण्यात आले. त्याचे वय एकोणीस वर्षांचे होते.

ही हकीकत वाचून आजचा वाचकही क्षणभर थबकतो. कुबड्याने कबुली दिली, साक्षीदारांनी ओळखले. मग फांदीने आणखी काय करावयाचे? परंतु थोडा विचार करावा. तीन अनोळखी माणसे, त्यांत एक पाठीस कुबड असलेला, नदीच्या रस्त्याने खानावळीत थांबत गेली. त्यांची आठवण वाटेवरील किती लोकांस राहिली असेल! एमार एकटा चालत नव्हता. त्याच्याबरोबर शिपाई होते, वाटेत लोक जमत होते, बोलत होते. बागेतील कोयत्यांच्या परीक्षेतही कोयता कोठे पुरला हे जाणणारे लोक जवळ उभे नव्हते, असे म्हणावयास आधार नाही. एमारने जाणूनबुजून लबाडी केली, असे यावरून ठरत नाही. जे कानांवर व डोळ्यांवर पडते ते मनात राहते, आणि मनात असलेले हातात उतरते. ते कसे, हे समजावयास आणखी एकशेवीस वर्षे जावयाची होती.

एमारची कीर्ती पॅरिसला पोहोचली. १६९३ च्या आरंभी राजघराण्यातील काँदे या सरदाराने त्यास आपल्या वाड्यात बोलाविले. येथे त्यास कोणी काही कळू दिले नाही. बागेत खड्डे खणून काहींत निरनिराळे धातू व काहींत नुसते खडे पुरण्यात आले. फांदी धातूंवर स्वस्थ राहिली व खड्यांवर आणि रिकाम्या जागेवर फिरली, असे वृत्तांत सांगतो. सेंट डेनिस रस्त्यावर जेथे पहाऱ्याचा एक शिपाई तलवारीच्या अनेक वारांनी मारला गेला होता, तेथून एमार येरझारा घालून गेला. फांदी हललीही नाही. त्याची रवानगी गावी झाली. पण त्याच वर्षी व्हालमाँ नावाच्या पाद्र्याने मोठा ग्रंथ लिहून, खुन्याच्या अंगातून निघणारे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात व फांदीस ओढतात, असे प्रतिपादन केले. पिएर ल ब्रँ या दुसऱ्या पाद्र्याने त्याचा प्रतिवाद केला. पुढे १७०३ साली सेव्हेनच्या डोंगराळ मुलखात प्रॉटेस्टंट बंडखोर हुडकण्याकामी एमारची योजना झाली, अशी नोंद फ्रेंच लेखकांनी केली आहे. ज्याच्यापुढे फांदी वळली त्या माणसाची काय गत झाली असेल, ती कल्पनेवर सोडलेली बरी.

या कोड्याची किल्ली सापडली ती एका रसायनशास्त्रज्ञास. मिशेल शेव्हरल हा स्निग्ध पदार्थांच्या संशोधनासाठी प्रसिद्ध. चांगल्या मेणबत्त्या ज्या संशोधनामुळे निघू लागल्या ते त्याचे. १७८६ साली जन्मलेला हा गृहस्थ १०२ वर्षे जगला व अखेरपर्यंत काम करीत राहिला. दोऱ्यास लोखंडी कडी बांधून ती पाऱ्यावर धरली असता आपोआप झुलू लागते, हा प्रयोग त्या काळी सर्वत्र चालू होता. शेव्हरलने १८१२ च्या सुमारास तो स्वतः करून पाहिला. कडी खरोखरच झुलली! कडी व पारा यांमध्ये काचेचे तावदान सरकविले, झुलणे मंदावले. एखाद्या उतावीळ माणसाने येथेच नवी शक्ती सापडल्याची दवंडी पिटली असती. शेव्हरलने तसे केले नाही. त्याने आपला हात एका आधारावर टेकविला, आणि आधार खांद्यापासून हळूहळू बोटांकडे आणीत गेला. आधार जसजसा बोटांजवळ येई तसतसे झुलणे कमी होई. बोटांसच आधार मिळाला तेव्हा ते थांबले. मग त्याने डोळे बांधून घेतले व तावदान केव्हा सरकवावयाचे, केव्हा काढावयाचे हे दुसऱ्यावर सोपविले. आता तावदान असो वा नसो, कडी सारखीच निश्चल राहिली.

शेव्हरलने हा सर्व प्रयोग १८३३ साली अँपिअर यास लिहिलेल्या जाहीर पत्रात सांगितला. त्याचे अनुमान असे की, हालचाल होईल ही नुसती अपेक्षा मनात असली की स्नायू आपल्या नकळत ती हालचाल करू लागतात. आणि ती दिसली की अपेक्षा बळावते व हालचाल वाढते. स्वतःच्या मनाची फसगत त्याने स्वतःच पकडली व ती छापून प्रसिद्ध केली, हे त्याच्या शोधाइतकेच मोलाचे मानले पाहिजे. १८५२ साली कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने या क्रियेस नाव दिले. मराठीत तीस कल्पनाचालित हालचाल असे म्हणता येईल. दुबेळके धरण्याची जी रीत वर सांगितली तिचे रहस्यही येथेच आहे. फाटे ताणून धरलेली फांदी ही टेकडीच्या माथ्यावर तोलून ठेवलेल्या धोंड्यासारखी असते. मनगट जवभर वळले की साठलेला ताण एकदम सुटतो आणि टोक मोठ्या जोराने फिरते. मनगट वळल्याचे धरणाऱ्यास कळतही नाही; फिरलेले टोक तेवढे त्यास दिसते.

याची प्रचिती घ्यावयास शेत लागत नाही व पाणाडीही लागत नाही. घरात तारेचे दोन तुकडे असले म्हणजे झाले. तांब्याची किंवा लोखंडाची, दोन-तीन मिलिमीटर जाडीची, प्रत्येकी अर्धा मीटर तार घ्यावी. एका टोकाकडून बारा-पंधरा सेंटिमीटरांवर ती काटकोनात वाकवावी. आखूड बाजू मुठीत सैल धरावी, लांब बाजू पुढे, एकमेकींस समांतर व टोके किंचित खाली, अशी ठेवावी. पायरीवरून उतरताना किंवा पाण्याच्या नळाजवळ येताना तारा एकमेकींवर येतात व फुली होते. मूठ केसभर कलली तरी तार उताराकडे घसरते, हे त्याचे कारण. पण पाहणाऱ्याचा थरकाप होतो खरा. आता पुढची पायरी. दहा सारखे हंडे झाकून ओळीने मांडावे. एकातच पाणी असावे. ते कोणत्यात, हे घरातील दुसऱ्या माणसाने चिठ्ठी काढून ठरवावे, आणि हंडे मांडून झाल्यावर त्याने खोलीबाहेर जावे; कारण त्याच्या मुद्रेवरूनच अर्धे काम होते. असे तीस वेळा करून प्रत्येक उत्तर लिहून ठेवावे. नुसत्या दैवानेही तीन उत्तरे बरोबर यावयाची. म्हणून चार आली तर हर्ष मानू नये व दोन आली तर खेद मानू नये. मात्र खेळ मध्येच थांबवून चांगले तेवढेच मोजणे, हा या परीक्षेतील सर्वांत जुना दोष होय.

ही साधी अट मोठमोठ्यांनाही जड गेली आहे. डब्लिन येथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम बॅरेट यांनी १८९७ व १९०० साली दोन विस्तृत अहवाल लिहून पाणाड्यांच्या यशाच्या शेकडो हकीकती जमविल्या. हकीकती पुष्कळ, पण तुलनेस तेथेच दहा पावलांवर दुसरी विहीर कोणी खणली होती काय? १९१७ साली अमेरिकेच्या भूगर्भ खात्याने या विषयाचा इतिहास प्रसिद्ध केला व सरकारी पैशाने आणखी परीक्षा घेत बसू नये असे मत दिले. तरीही परीक्षा होतच राहिल्या. म्युनिक येथे १९८७ व ८८ साली सुमारे पाचशे इच्छुकांतून त्रेचाळीस जण निवडून एका कोठाराच्या वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावरील नळाची जागा ओळखावयास लावले. ८४३ वेळा परीक्षा झाली. परीक्षकांनी काहींच्या अंगी ही शक्ती असल्याचा निर्वाळा दिला. पण १९९९ साली एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासून दाखविले की, ते दैवाच्या खेळापलीकडचे नाहीत, आणि एका वेळी यशस्वी ठरलेला पाणाडी पुढील वेळी तसा ठरत नाही.

येथवरचे सारे विनोदाचे म्हणून सोडता आले असते. पण इराकमध्ये एडीई ६५१ नावाचे एक उपकरण सुरुंग व बॉम्ब हुडकण्यासाठी विकण्यात आले. प्लास्टिकची मूठ व तीवर सैल फिरणारी तार, एवढेच ते. आत विजेचा घटसुद्धा नव्हता. म्हणजे वर सांगितलेल्या तारेच्या दोन तुकड्यांपैकी एक! इराकी सरकारने त्यावर कोट्यवधी डॉलर खर्च केले. बगदादच्या नाक्यानाक्यांवर शिपाई ते धरून मोटारींभोवती फिरत, आणि त्याच नाक्यांवरून स्फोटके शहरात जात. २००९ साली तेथे झालेल्या भयंकर स्फोटांनंतर या उपकरणाचा बोभाटा झाला. विक्रेता जेम्स मॅकॉर्मिक यास २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल दहा वर्षांची शिक्षा दिली. शिपायांच्या हातात तार फिरत नव्हती असे नाही. ती फिरत होती, म्हणूनच त्यांचा तीवर विश्वास बसला.

दख्खनच्या पठारावर या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. येथील काळा पाषाण सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. अभंग कातळात पाणी नाही. ते असते मुरमात, सच्छिद्र थरांत, भेगांत आणि सांध्यांत. विहीर खणणारा झरा लागला म्हणतो तो अशाच भेगेतून येतो, आणि त्या भेगेच्या दहा हात अलीकडे खणले तर कोरडा खडक लागू शकतो. म्हणून इकडच्या पाणाड्याची शिरेची भाषा अगदीच पोकळ नाही, व म्हणूनच येथे त्याचा मान मोठा. मेजर पॉग्सन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास तर १९२५ पासून पाच वर्षे सरकारनेच पाणाडी म्हणून नेमले होते. त्यातही जो वृद्ध पाणाडी आयुष्यभर त्याच तालुक्यात हिंडला, ज्याने शेकडो विहिरी खणताना पाहिल्या, त्यास ओढ्याचे वळण, मुरमाचा रंग आणि वैशाखातही हिरवी राहणारी झाडी कळत नसेल असे कसे म्हणावे? त्याचे डोळे वराहमिहिराचेच असतात. श्रेय मात्र हातातील फांदीस, किंवा तळहातावर उभ्या राहणाऱ्या नारळास मिळते. उथळ विहिरीस काही ना काही पाणी बहुतेक ठिकाणी लागतेच. ते किती लागेल आणि चैत्र-वैशाखात टिकेल काय, हा शेतकऱ्याचा खरा प्रश्न असतो, आणि तो पाणाड्यास क्वचितच विचारला जातो.

पुढे विहिरीच्या जागी विंधणविहीर आली व प्रश्न अधिक कठीण झाला. खणलेली विहीर रुंद असते. तिच्या भिंतींत एखादी तरी भेग सापडते. विंधणविहिरीचे भोक वीतभर रुंदीचे, ते भेग चुकवून सरळ शेकडो फूट कातळात जाते, आणि मोबदला फुटावर द्यावा लागतो. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्र सरकारने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. तिचे भूवैज्ञानिक जमिनीत चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात व आतल्या दोहोंत दाब मोजतात. ओला, भेगाळलेला थर विजेस कमी विरोध करतो, घट्ट कातळ अधिक. सळयांतील अंतर वाढवीत गेले की खोलीवरच्या थरांचा अंदाज येतो. त्यांचाही अंदाज चुकतो, परंतु चुकला म्हणजे तो नोंदवहीत चुकलेला म्हणून राहतो, आणि शेजारच्या विहिरीच्या नोंदीशी ताडून पाहता येतो.